वामनकाकांचा पास-वापस

आमचे शेजारी वामनकाका दुसऱ्याच्या ताटातली पोळी ओढून पाहतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. चटकन तुटली की तोंड वाकडं करतात, "धागा आखूड हाय." भात बोटांत दाबून, "ओल जास्त." बाभुळगावच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून त्यांनी उभी हयात कापूस पारखला. शेतकऱ्याच्या बैलबंडीतून मूठभर उपसायचा, ओढायचा आणि 'पास' नाहीतर 'वापस' म्हणायचं. मग कापसाचे दिवस फिरले, केंद्राला कुलूप लागलं. काकांच्या तोंडाला कुलूप लावणारं मात्र कोणी भेटलं नाही.

आमची दोन वर्षांची चिऊ काही म्हणता काही खायची नाही. "महिनाभरात वजन वाढलं नाही तर यवतमाळला दवाखान्यात न्या," असं अंगणवाडीच्या ताईंनी बजावलं आणि आमची ही रडायला लागली. ओट्यावरून काका म्हणाले, "कायले रडून राह्यली सूनबाई? मी हाओ ना."

दुसऱ्या दिवसापासून ऐन जेवणाच्या वेळेला स्वारी हजर. "बंडी आली मॅडम, माल पाहून घ्या," म्हणत घास पुढे करायचे. चिऊ ग्रेडर. आता पोरीला आधी काय शिकवावं या शहाण्यानं? 'वापस'. तिनं वरण वापस केलं, केळं वापस केलं, दूध तर गेटावरूनच वापस. मी चिडलो, "काका, पोरीला जेवायला शिकवा, तुमची नोकरी नका शिकवू." ते कौतुकानं म्हणाले, "लई कडक हाय पोरगी."

"यांना जेवणाची वेळ बरोबर समजते," ही आत पुटपुटायची. पण ताट वाढू म्हटलं की काकांचं ठरलेलं, "माहं झालं जेवण."

एके दुपारी चिऊनं त्यांच्या हातातला पोळीचा तुकडा घेतला. दोन्ही चिमटींत धरून ओढला, निरखला. मग त्यांच्याच तोंडात कोंबला आणि म्हणाली, "पास."

तो एवढासा तुकडा काका कितीतरी वेळ चावत बसले. मी विचारलं, "काका, आज जेवले का तुम्ही?"

"तुही काकू गेल्यापासून एकट्यासाठी चूल पेटत नाही माह्याच्यानं," ते खाली पाहत म्हणाले. "इथं जेवाले बसलो असतो, पण तुम्ही म्हनले असते, पोरीच्या नावावर बुढा आपलंच पोट भरून राह्यला."

आम्ही तेच म्हणत होतो. मला फार लाज वाटली. ही ताट वाढून घेऊन आली.

चिऊनं पुन्हा एक घास त्यांना भरवला आणि दुसरा, कोणी न सांगता, स्वतःच्या तोंडात घातला. काकांनी ताटातली पोळी उचलली आणि ओढून न पाहताच खाल्ली.