डोंगराच्या सावलीला फॉल

तांबेखिंडीच्या डोंगराची सावली खालच्या कडेने उसवली होती, म्हणून एका दुपारी ती फॉल-पिको करून घ्यायला रत्नप्रभाबाई साळवींच्या ओट्यावर आली.

दुपारीच येणं भाग होतं. एरवी सावलीला सवड नसते. सकाळी ती डोंगरापलीकडच्या तालुक्यावर पडते आणि दुपार कलली की अलीकडे गावावर पसरायला लागते ती थेट दिवेलागणीपर्यंत. ऊन डोक्यावर असतं तेवढाच काय तो तिला मोकळा वेळ. त्या वेळी ती आवरतीही असते. अंगावर घ्यायच्या चादरीएवढी, फार तर.

"रत्ने, गिऱ्हाईक आलंय," सासूबाईंनी दारातून हाक मारली. "डोंगराची सावली आहे. पाट देऊ का तिला?"

"नको, पसरून बसेल ती. आलेच."

रत्नप्रभाबाई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मधली दोन वर्षं त्या अशाच पडून होत्या. मन आजारी पडलं होतं. जेवायला उठवलं तर "काही नाही हो, किरकोळ आहे, होईन बरी" एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा भिंतीकडे वळायच्या. आता तालुक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या, भिंत हळूहळू मागे सरकत होती, आणि बरं वाटेल त्या दिवशी त्या एखाद्या साडीला फॉल लावून देत.

गोळ्या आणि घरखर्च आजार-आधार योजनेतून येई. योजनेत किरकोळ काम करायला परवानगी होती, मोठं काम करायला नव्हती. मोठं काम करणारा माणूस बरा झाला असं सरकार धरतं, आणि बऱ्या माणसाला गोळ्या मिळत नाहीत. सरळ हिशोब आहे, कुणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

त्यांनी सावली मांडीवर घेतली. वजन काहीच नव्हतं, पण हाताला गार लागत होती, माठाच्या बुडाजवळची वाळू लागते तशी. खालची कड बाभळींनी आणि कुंपणाच्या तारांनी पार फाडून टाकली होती.

"अगं बाई, लोंबत चालतेस की काय?" सासूबाईंनी विचारलं.

सावली बोलली नाही. डोंगराच्या सावल्या बोलत नाहीत. तिने फाटलेली बाजू वर केली, बस्स.

नुकसान गावाला ठाऊकच होतं. संध्याकाळी सावली पसरली की भोकांतून उन्हाचे तुकडे गळायचे आणि कोंबड्या खुराड्यात जाऊन पुन्हा सकाळ झाली समजून बाहेर यायच्या.

रंग जुळवायला वेळ गेला. काळा फॉल लावावा तर सावली काळी नसते, निळा लावावा तर तेवढी निळीही नसते. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरची मोडकी छत्री काढून दिली. "हे लाव. या कापडाला सावलीची सवय आहे." ते जुळलं. त्या दिवशी रत्नप्रभाबाईंनी छत्रीच्या पट्ट्या कापून नुसत्या टाचण्या लावल्या आणि वेळ झाली तशी सावली उठून कामावर गेली.

संध्याकाळी गावभर टाचण्या दिसल्या. सावली पसरली तशा त्याही वाढल्या होत्या. एकेक टाचणी विजेच्या खांबाएवढी, माळावर ओळीने आडवी आणि मावळतीच्या प्रकाशात चकाकणारी. लोकांनी त्यांच्याखालून वाकून गुरं घरी नेली. तालुक्याच्या कार्यालयातूनही त्या दिसल्या.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी योजनेचे पडताळणी अधिकारी उंडे ओट्यावर हजर. सडपातळ, घामेजलेले, हातात मोजपट्टी.

"काम चालू आहे असं कळलं."

"हो साहेब. फॉल लावतेय."

"कुणाला?"

"हिला," रत्नप्रभाबाईंनी मांडीवरची सावली दाखवली. उंडेंनी तिला मान लववून नमस्कार केला आणि मोजपट्टी लावली.

"चादरीएवढी आहे. हे किरकोळात बसतं. मजुरी काय ठरली?"

"मजुरी म्हणून ओट्यावर थोडा गारवा सोडून जाते."

उंडेंनी ओट्यावर तळवा टेकवला आणि जरा वेळ तसाच ठेवला. "गारवा उत्पन्नात धरत नाहीत. पण काल मला माझ्या टेबलावरून टाचण्या दिसल्या, बाई. संध्याकाळी पुन्हा बघावं लागेल. काम मोठं निघालं तर पुढच्या महिन्यापासून मदत बंद. मला वाईट वाटेल, पण बंद."

"दोन घास खाऊन जा," सासूबाई म्हणाल्या.

"लाच होईल, आजी."

"भाकरीची लाच? कुठल्या शहाण्याने घेतली होती याआधी?"

उंडे उन्हातून जाऊन चिंचेखाली बसले. रत्नप्रभाबाईंनी टाचण्या काढत हातशिलाई सुरू केली. टाके बारीक घातले, वरून दिसू नयेत असे. मध्येच एकदा, काही कारण नसताना, त्यांना जुनं रडू आलं. एक टाका तिरका गेला. उसवावा असं वाटलं, पण ऊन कलायला लागलं होतं. त्यांनी गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि सावली सोडली.

संध्याकाळी तिघंही ओट्यावर उभी राहिली. सावली डोंगरावरून उतरली. आधी देवराई, मग बंधारा, मग एसटीचा थांबा. तिच्या खालच्या कडेला छत्रीच्या कापडाची पट्टी आली होती, गाडीरस्त्याएवढी रुंद, आणि त्या पट्टीवर टाके. एक टाका शाळेच्या छपरावरून उतरे, पुढचा पाण्याच्या टाकीपाशी बुडे, त्याच्या पुढचा थेट नदीपलीकडे वर येई. उन्हाचा एक कण गळत नव्हता. कोंबड्या एकदाच खुराड्यात गेल्या आणि आतच राहिल्या.

एसटी थांबली. ड्रायव्हर उतरला, त्याच्यामागून प्रवासी उतरले. म्हातारी माणसं डोक्याची टोपी हातात घेऊन उभी होती. माळावर तो तिरका टाका पडला होता, पाझर तलावाएवढा लांब. सगळ्यात जास्त माणसं त्याच्याच बाजूला जमली होती. एका बाईने चप्पल काढून त्यावर पाऊल ठेवलं आणि मग तिथेच बसून राहिली.

रत्नप्रभाबाई बघत राहिल्या. टाके आपलेच होते, गाठही ओळखीची होती. हे सगळं आपल्या बोटांतून गेलं यावर विश्वास बसेना. छातीत काहीतरी एवढं मोठं झालं की त्यांनी ओट्याचा खांब धरला.

उंडेंच्या हातातली मोजपट्टी सुटून पायरीवरून घरंगळत गेली होती. ती उचलायला न वाकताच ते म्हणाले, "बाई, नियमाप्रमाणे आधी तुमचं म्हणणं घ्यायचं असतं. काम किरकोळ आहे, असं म्हणा. मी निघतो."

सासूबाईंनी कोपराने ढोसलं. "म्हण की. दोन वर्षं दुसरं काय म्हणत होतीस?"

रत्नप्रभाबाईंनी तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता, रोजचा होता. पण समोर नदीपलीकडे त्यांचा टाका वर येत होता.

"नाही साहेब. मोठं आहे."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

"आणि मी बरी झालेली नाहीये," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "गोळी चुकली की मला सुई दिसत नाही, नुसती भिंत दिसते. हे मी आजारी असतानाच केलंय. दोन्ही खरं आहे, त्यातलं एक कसं सांगू?"

उंडे पायरीवर बसले. "काम मोठं आहे, बाई आजारी आहेत. नियमात ही दोन वाक्यं एका माणसाच्या नावापुढे शेजारी बसत नाहीत हो."

"मग जरा सरकून बसवा!" सासूबाई कडाडल्या. "एसटीत बसवता ना तिघं तिघं?"

उंडेंनी यावर गंभीरपणे विचार केला. सूर्य टेकत होता, टाके आणखी लांबत चालले होते, आणि शेवटचा टाका आता कुठे संपतो ते कुणालाच दिसत नव्हतं.

"बसवतो," ते म्हणाले.

सकाळी सावली डोंगरापलीकडे पडली. तिकडच्या तालुक्याच्या अधिकाऱ्यांचा उंडेंना फोन आला. मागे खूप माणसं असावीत, पण आवाज कुणाचाच येत नव्हता.

"उंडे, हे कुणी केलं?"

"आमच्याकडच्या बाई आहेत एक. आजारी आहेत."



"मग त्यांच्या गोळ्या चुकवू नका," ते अधिकारी म्हणाले.