नॉर्मल माणसाला मुभा

जुळे सोलापुरातल्या मुकुंदरावांनी एका मंगळवारी ठरवून टाकलं, घरात कुणी लठ्ठ राहायचं नाही. रिटायर झालेल्या हेडक्लार्कला कुणाला तरी दुरुस्त केल्याशिवाय करमत नाही, आणि घरात बिघडलेला माल एकच होता. हृषीकेश. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तालमीत रमलेला त्यांचा मुलगा.

आरोग्य शिबिरातून ते बीएमआय शिकून आले होते. वजनाला उंचीनं दोनदा भागायचं, झालं. (भागाकार जमला की म्हाताऱ्यांना विज्ञान कळल्यासारखं वाटतं.)

"माझा एकवीस. नॉर्मल!" ते म्हणाले. "तुझा बत्तीस. लठ्ठ! सरळसरळ लठ्ठ!"

"बाबा, ही चरबी नाही. मेहनतीचं अंग आहे."

"आकड्याला मेहनत कळत न्हाय. पंचविसाच्या आत येस्तोवर तालीम बंद. न्हाय जमलं, तर परत कॉलेज!"

म्हणजे वीस किलो उतरवायचे. एक पाय काढून ठेवला तर जमण्यासारखं होतं. पण एका पायावर कुस्ती होत नाही, कॉलेजला मात्र जाता येतं, हीच खरी भीती होती.

हृषीकेशच्या ताटात उकडलेला दुधी आला. त्याच्या वाटणीची कडक भाकरी, शेंगाचटणी अन् वरचं घट्ट दही बापाच्या ताटात गेलं. "मी नॉर्मल हाय. मला मुभा हाय," म्हणत मुकुंदराव शेंगापोळीवर तूप ओतून घ्यायचे. त्यांचे हातपाय तुरकाट्यांसारखे आणि पोट बनियनला न जुमानणारं. पण शिबिराच्या तक्त्यात पोटाला रकानाच नव्हता.

रविवारी लिफ्ट बंद पडली. दुपारचं जेवण रिचवून, खाली पान खाऊन मुकुंदराव चौथ्या मजल्याकडे निघाले. दुसऱ्या मजल्यावरच छातीतून शिट्टी वाजायला लागली आणि ते पायरीवर बसले.

"काय झालं हो?" सोसायटीचे सेक्रेटरी गुरुशांत आण्णा धावले.

"काय न्हाय... नॉर्मल हाय..."

हृषीकेश वरून धडधडत आला. बापाला खांद्यावर टाकलं आणि दोन मजले एका दमात चढला. दारात उभ्या शेजारच्या कस्तुराबाई म्हणाल्या, "अगं बया! करडू उचलल्यागत नेलं की!"

समोरच्या फ्लॅटमधल्या डॉक्टर ज्ञानदानं मुकुंदरावांना निजवलं, थोड्या वेळानं बीपी बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पण माझा बीएमआय..."

"काका, त्या आकड्याला मांस किती, चरबी किती आणि ती कुठं साठलीय, हे कळत नाही. कंबर मोजा."

गोदावरीबाईंनी ब्लाऊज शिवायचा टेप आणला. लेकाची कंबर चौतीस. नवऱ्याची एक्केचाळीस.

"टेप धुतलास का गं? आटलाय," मुकुंदराव म्हणाले.

"अहो, मग पोराला कसा पुरला? तालीम चालू करा त्याची. आणि तो दुधी आता तुमच्या ताटात."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरपेट भाकरी खाऊन, तालमीची पिशवी खांद्याला अडकवून हृषीकेश विजयी वीरासारखा जिना उतरला. खाली फिरून आलेल्या साऱ्या म्हाताऱ्यांची रांग लागली होती.

"लिफ्टवाल्याला सांगितलंय, सावकाश ये," गुरुशांत आण्णा म्हणाले. "तू हाईस की!"

रांगेत पुढं उभ्या कस्तुराबाईंनी पदर खोचला, दोन्ही हात वर केले आणि मायेनं म्हणाल्या, "भिऊ नगंस, लेकरा. आमी समदी नॉर्मल हाय."