जाधवबाई आणि दोन टक्के

जाधवबाई लग्नपत्रिकासुद्धा लाल पेन घेऊन वाचायच्या. 'आर्शिवाद' छापलेला दिसला की त्या लग्नाला जायच्या, आहेर द्यायच्या आणि दुरुस्त केलेली पत्रिका मुलीच्या बापाच्या हातात ठेवायच्या. शहाण्या माणसानं अशा बाईशी व्यवहार करू नये. आमच्या बँकेनं केला.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी रत्नागिरीतल्या एका लहान सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर होतो. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी मिरजोळ्याचं घर आमच्याकडे कर्ज काढून बांधलं होतं. चार वर्षांनी शिक्षकांच्या सोसायटीत व्याज कमी पडतं म्हणून त्या कर्ज तिकडे न्यायला निघाल्या. लगेच आमच्या मॅनेजरनी पत्र धाडलं: मुदतीआधी कर्ज फेडता, तर उरलेल्या रकमेवर दोन टक्के आकार भरा, मगच घराची कागदपत्रं मिळतील.

दुसऱ्या दिवशी पत्र परत आलं. लाल शाईत सात चुका आणि खाली शेरा: 'दहापैकी दोन. पालकांना भेटायला सांगणे.'

पालक कोण ते मॅनेजरना कळेना, तेव्हा बाईच आल्या.

"पैसे वेळेआधी देते म्हणून दंड? उशिरा दिले तर बक्षीस देता काय?"

"बाई, नियम आहे."

"दाखवा."

मॅनेजरनी ठरावाची वही पुढे केली. बाईंनी सावकाश चष्मा पुसला. "हा ठराव गेल्या वर्षीचा. माझा करारनामा चार वर्षांपूर्वीचा. त्यात हे वाक्य कुठं आहे? बोट ठेवा."

मॅनेजरचं बोट वरपासून खालपर्यंत फिरलं आणि स्वतःच्याच सहीवर येऊन थांबलं.

"सही मात्र वळणदार आहे," बाई म्हणाल्या.

पुढे तीन आठवडे शाळा सुटली की बाई बँकेत. बाकावर वह्या तपासत बसायच्या. कुणी विचारलं की सांगायच्या, "घर सोडवायला आलेय. हे सोडत नाहीत." मला तर त्यांच्याकडे बघायची लाज वाटायची. मग दोघातिघा खातेदारांनी ठेवी मोडायची चौकशी केली, आणि आमच्या संचालकांना एकाएकी करारनामा वाचता येऊ लागला. आकार रद्द झाला.

बाई पुन्हा बँकेत नकोत, म्हणून कागदपत्रं द्यायला मॅनेजरनी मलाच मिरजोळ्याला पिटाळलं. पडवीत बाईंजवळ त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. मुंबईच्या गिरणीत होता; संपात नोकरी गेली, तेव्हापासून इथंच. मला बघून तो उठून उभा राहिला.

"अक्का, खरं सांग. माझ्यापायी हप्ता झेपेना झाला, म्हणून कर्ज हलवलंस ना?"

"छे रे." हा आवाज मी बँकेत कधी ऐकला नव्हता. "बँकेनंच सुचवलं. म्हणाले, सोसायटीत न्या, तुम्हाला स्वस्त पडेल. भली माणसं आहेत. विचार यांना."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"हो," मी म्हणालो. "आम्हीच सांगितलं."

भाऊ खाली बसला आणि माझ्यासाठी बाकावर जागा करून दिली. बाई चहा टाकायला आत गेल्या.