दामूकाकांचा रेडिओ

दामूकाका रेडिओ ऐकायला बसले की शेजारच्या कोंबड्यांनाही ओरडायची परवानगी नसे. संध्याकाळी ओटीवर बसून रेडिओला जोडलेला काळा इअरफोन कानाशी धरायचे आणि कोणी खाकरलं तरी डोळे वटारायचे. "गप. मुंबय बोलतेय."

मी तेव्हा तारापूरच्या प्रकल्पावर वायरमन होतो आणि मुरबे गावात त्यांच्या शेजारी भाड्याने राहायचो. दिवसभर अणूच्या विजेसाठी तारा ओढायच्या आणि घरी येऊन कंदिलाची काच पुसायची, असलं आमचं नशीब. काकांचा रेडिओ मात्र विजेवाचून चालणारा. बांबूच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, पालघरहून आणलेला इवलासा डायोड आणि माडावर चढवलेली एरियल. जन्मभर होडी चालवलेल्या माणसाचं हे असलं पहिलंच काम. गावाने यथेच्छ टिंगल केली. घड्याळाला चावी द्यायलासुद्धा दुसऱ्याकडे जाणारे लोक ते. हसायला त्यांचं काय जातंय?

फोन एकच, त्यामुळे बातमी काकांच्या तोंडूनच कळायची. तीही रोज तीच. आत काकी ताट वाढून थांबलेली असे. थोरला मुलगा वादळात गेल्यापासून, धाकटा दर्यावर असला की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. काका ओरडायचे, "दर्या शांत हाय सांगतात. जेव तू." मग ती जेवायची.

एकदा काका पाणी प्यायला उठले, तेव्हा मी फोन कानाला लावला. आवाजच नाही. तारा पाहिल्या, तर प्रत्येक जोडाच्या आत डांबर. खाऱ्या हवेने खाऊ नये म्हणून, होडीच्या फळ्यांना फासतात तसं आधी डांबर फासून मग पीळ दिलेला. तारेला तार टेकतच नाही, अशा जोडातून काय डोंबल आवाज येणार? मला हसू आवरेना.

"काका, हा मुकाच आहे. जोड खरवडून देतो, लगेच होईल." मी चाकू काढला.

त्यांनी माझं मनगट धरलं. "मला ठावं हाय. नको."

"अहो, खरंच बोलेल."

"म्हनूनच नको." काका आत बघत हळू आवाजात म्हणाले, "वादल मला वाऱ्यावरनं कलतं. पन पोरगा आयकत नाय, होडी काढतोच. घर चालवाचा हाय ना त्याला. मंग हा रेडिओ खरा बोलाया लागला, तर तिला मी काय सांगू?"

वारा दुपारीच फिरला होता, आणि धाकटा अजून आला नव्हता. मी चाकू मिटला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिलो.