गव्हाखालचं क्लोव्हर

बायकोने गव्हाच्या ओळींमध्ये क्लोव्हर पेरलं, त्या दिवसापासून ओळंब्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सरळ ओळी आणि त्यांच्यामध्ये लख्ख उघडी माती, यावरच त्याची सगळी प्रतिष्ठा उभी होती. गावाने त्याला गवंड्याच्या सरळ दोरीवरून ओळंबा हे नाव उगीच ठेवलेलं नव्हतं. आणि आता त्या मातीवर हे तीन-तीन पानांचं बुटकं गवत पसरलेलं. ते ओल धरून ठेवतं, तण दाबतं, जमिनीला खतही पुरवतं, असं बायको शांतपणे सांगायची. त्याचं मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला. न्हाव्याकडे, गिरणीत, ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडे, भेटेल त्याला एकच गाऱ्हाणं: "शेत आहे की सतरंजी?"

एकदा मात्र बायकोचं लक्ष नाही असं पाहून त्याने त्या गवताखाली बोट खुपसलं. माती ओलसर होती, भुसभुशीत होती. बायकोचं बरोबर होतं. हे कबूल करायला तो योग्य वेळ शोधत राहिला. तेवढ्यात ती आजारी पडली, दवाखान्यात गेली आणि परत आलीच नाही.

तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. ओळंबा रोज शेतात जायचा, क्लोव्हरमध्ये दुसरं तण दिसलं तर अलगद उपटायचा, डोळ्यांत तेल घालून त्याला जपायचा. पण हे तो कुणाला बोलला नाही. गावाला ठाऊक होतं ते त्याचं जुनं गाऱ्हाणंच.

तिच्या मृत्यूचा दाखला आणायला तो कचेरीत गेला आणि दिवसभर रांगेत अडकला. इकडे गावाचा शेजारधर्म जागा झाला. तो परतला तेव्हा शेतात सातजण खुरपी घेऊन वाकलेले होते आणि अर्ध्या शेतातलं क्लोव्हर बांधावर ढीग होऊन पडलं होतं. इंजिन नसलेल्या वस्तूला कधी हात न लावणारा दुरुस्तीवालासुद्धा घामाने निथळत होता. न्हाव्याने तर कानामागची सफाई करावी तसं गव्हाच्या बुडाशी पानही ठेवलं नव्हतं.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

ओळंब्याने आभार मानले. त्याचा आवाज इतका भरून आला होता की मंडळी खूश झाली आणि उरलेलं अर्धंही आजच उरकायचं ठरलं. तो नको नको म्हणाला. लोकांना तो भिडस्तपणा वाटला. दोघं पुन्हा वाकलेही. मग मात्र त्याला राहवेना.

"राहू द्या ते," तो म्हणाला. "तिचं आहे."

सगळ्यांचे हात थांबले. शेवटी बायकोची जिवाभावाची शेजारीण खुरपं खाली ठेवून त्याच्याजवळ आली.

"दादा, हे आम्ही आमच्या मनाने नाही केलं. वहिनींनीच दवाखान्यात माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणाल्या, मी गेले की तेवढं गवत काढून टाका. ह्यांना ते डोळ्यांसमोर नको असतं, आणि आता समजूत घालायला मी नसेन."

ओळंबा बांधावर त्या ढिगाशेजारी बसला. तीस वर्षांच्या संसारात बायकोने त्याचं म्हणणं पहिल्यांदाच ऐकलं होतं.