एका धारेचे हसनचाचा

हसनचाचा डोळे मिटून दाढी करायचे. बिरवाडीत, आमच्या भाड्याच्या खोल्यांपुढच्या पडवीत, रोज सकाळी. मी एमआयडीसीतल्या कारखान्यात नुकताच लागलो होतो आणि चाचा माझे घरमालक. त्यांची सगळी उमर जहाजावर खलाशी म्हणून गेलेली.

"आरसा कशाला? माझं थोबाड मला पाठ हाय. दाढी कानानं करायची रे!"

कारण त्यांचं दाढीचं यंत्र बोलायचं. त्याचं पातं एकाच बाजूला धारेचं, दुसरीकडे जाड पाठ. यंत्राचं डोकं डबीच्या झाकणासारखं उघडायचं. पातं आत सरकवलं की टक् करून बंद. मग गालावरून खर्र, खर्र असा आवाज थेट रस्त्यापर्यंत जायचा.

"दाबू नको. त्याच्या वजनानं त्याला चालू दे," असं मला शिकवताना सांगायचे. मी दाबायचोच, आणि कारखान्यात हनुवटीला कागदाचा कपटा चिकटवून जायचो.

बंदराबंदरांतून जमवलेली अशी जुनी यंत्रं त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. बहुतेकांवरची नावं घासून गेलेली. चाचा एकेक बोटांनी चाचपत. "नाव गेलं तरी बिजागरी खोटं बोलत नाय. ह्याचे दात बघ, कसे मोकळे हायत. मोठ्या म्हायुद्धाच्या आधीचं हे." मग आवाज मंदावायचा. कुठल्याशा बंदरातलं धुकं, धुक्यातले पिवळे दिवे, भोंग्यांचे आवाज. ऐकता ऐकता मला वाटायचं, सावित्री नदीवरून चढलेल्या धुक्यात आमची पडवीच किनारा सोडून हळूहळू निघालीय. तोवर माझी कंपनीची बस निघून जायची.

पाती इथं मिळत नसत. कुवेतला असलेला त्यांचा भाचा सगळ्यांना अत्तर आणी, चाचांना पाती. एकदा त्यानं आणली ती भिंतीचा रंग खरवडायची निघाली. चाचांनी तीही वापरली. "भाच्यानं मामूला भिंत समजून सोलला!" असं गाल धरून सगळ्या आळीला सांगत होते.

दर शुक्रवारी नमाज झाली की एक यंत्र पिशवीत घालून ते पोलादपूरची एसटी धरायचे. विचारलं तर म्हणायचे, "गिऱ्हाईक हाय." एकदा त्यांचा गुडघा फार दुखत होता. मला सुट्टी होती, म्हणून सोबत गेलो.

पोलादपूरला एका कौलारू घराच्या ओट्यावर बाबूकाका बसले होते. दोघं वर्षानुवर्षं एकाच जहाजावर होते, असं बाबूकाकांच्या सुनेनं सांगितलं. "आता कुणाला वळखत नायत. आमाला गालाला हात लावू देत नायत. यांनाच देतात."

चाचांनी फेस लावला. यंत्र फिरू लागलं तसा बाबूकाकांचा चेहरा निवत गेला.

"न्हावी नवा हाय काय रे तू?"

"हां."

"हात हलका हाय तुझा. माझा एक दोस्त हाय, हसन. तो अशीच करायचा माझी दाढी. लय दिवस आला नाय."

चाचांनी यंत्र पाण्यात बुडवून झटकलं.

"जहाजावर असंल."

"भेटला तर सांग, बाबू वाट बघतो म्हणून."

"सांगतो," चाचा म्हणाले, आणि बाबूकाकांची हनुवटी हळूच दुसऱ्या बाजूला वळवली.