सतरा रंग आणि भिवजीपंतांची ओळ

श्रीगणरायास दंडवत, ज्याने एका बैठकीत, एका शाईने अवघे लिहून काढिले आणि रंग मागितला नाही. शारदेस दंडवत, जिचे वस्त्र पांढरे. आता वर्तमान सादर चित्ते ऐकावे. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सर, भाद्रपद मास. राज्याचे नाव काय आणि सीमा कोठवर, हे सांगण्याची आम्हांस आज्ञा नाही. इतुकेच सांगतो की त्या राज्यात एक थोर धरण होते, आणि त्याचे एकवीस दरवाजे माणसे उघडीत नसत, यंत्र उघडीत असे, आणि यंत्रास काय करावे हे सूत्रांनी सांगावे लागे, आणि ती सूत्रे लिहिणारे ते सूत्रनवीस, दफ्तरात चाळीस असामी. ज्या काचेच्या पाटीवर ते लिहीत तिजला एडिटर म्हणत. आम्हीही त्या चाळिसांत एक होतो, परंतु नाव मिरवावे ऐसे आमचे हातून काही घडले नाही, ते पुढे कळेलच.

मग ऐसे जाहले की कारभारी सुभानराव परराज्यात जाऊन आले, आणि तेथील पाट्या रंगीत पाहून दिपून आले, आणि येताच हुकूम केला की आमच्याही पाट्या रंगवाव्या, आणि थोड्याथोडक्या नव्हेत, सतरा रंगांनी. आज्ञा तांबड्या, अवतरणातील मजकूर हिरवा, अंक जांभळे, कंस पिवळे, आणि पाटीची भूमी काळीभोर. कोणी रंग कमी करू नये. दसऱ्यास खुद्द महाराज पाहणी करितील, आणि ज्यास रंग ओळखता येणार नाहीत त्याने बैठक खाली करावी. राहिली टिपणे. टिपण म्हणजे लिहिणाऱ्याने पुढच्या माणसाकरिता लिहिलेला शब्द, तो यंत्र वाचीत नाही. ओळीआधी दोन तिरप्या रेघा ओढिल्या की यंत्र ती ओळ टिपण समजून सोडून देई, आणि सूत्रनवीस म्हणत की ओळ निजली. सुभानराव बोलिले, "यंत्र जे वाचीत नाही ते माणसाने तरी कशास वाचावे?" आणि टिपणांस राखेचा रंग दिला, तोही इतका फिका की शोधावा लागे. आम्ही सर्वांनी वाहवा केली. खोटे कशास बोलू, पाटी मोठी देखणी दिसत होती.

त्या दफ्तरात भिवजीपंत म्हणोन एक वृद्ध सूत्रनवीस होते. धरणाची सूत्रे तीस वर्षांपूर्वी त्यांनीच रचिली, आणि आजवर पांढऱ्यावर काळे इतुकेच त्यांनी वापरिले, आणि रंगाची गोष्ट निघाली की थट्टा करून उडवून लाविली. हुकूम जाहला आणि पंतांची थट्टा बंद पडली. चार दिवसांनी ते पाटी घडविणाऱ्या आवडाबाईंकडे गेले, दार लोटून घेतले आणि म्हणाले, "बाई, मला तांबडे आणि हिरवे एकच दिसते. लहानपणापासून. घरीसुद्धा ठाऊक नाही. मंडईत टोमॅटो घेतो ते दाबून पाहून. दसऱ्यास हे उघड झाले की माझी बैठक गेली, आणि मला दुसरे काही येत नाही हो." आवडाबाई म्हणाल्या, "काका, मग इतकी वर्षे वाचलेत कसे?" पंत म्हणाले, "ठेवणीवरून. कोणती ओळ किती आत सरकली ते पाहायचे. गल्लीच्या टोकाला माणूस दिसला की तोंड दिसण्याआधी चालीवरून ओळखतोच ना आपण?" हे ऐकून बाई थक्क जाहल्या, आणि म्हणाल्या, "मी पाट्या करते, पण वाचणारा कसा वाचतो हे आजवर कोणाला विचारलेच नाही. काका, थोडा वेळ द्या मला."

मग आवडाबाईंनी काय केले, तर चाळीसही जणांच्या पाठीमागे स्टूल टाकून बसल्या, आणि कोणाची नजर कोठे जाते ते पाहिले, आणि कोणास अवघे रंग हवे, कोणास केवळ अंक वेगळे हवे, आणि सुभानरावांचा खास कारकून तर धनी बाहेर गेले की पाटीचा उजेडच मंद करून बसे. त्यावरून बाईंनी पाटीच्या कडेस एक खिटी बसविली. खिटी सरकवावी तैशी रंगाची मात्रा बदलावी. तळाशी शून्य, तेथे कोरी शाई. माथ्यावर पाचवी, तेथे कारभाऱ्यांचे सतराही रंग. आणि कोणता रंग कशास, हे ज्याचे त्याने ठरवावे. पहिल्या मात्रेत मात्र एकच रंग, तो कशास द्यावा हे सर्वांकरिता आधीच ठरवावे लागे, आणि त्यावर मोठा वाद पडला. आम्ही म्हणालो, आज्ञांस द्यावा. बाई म्हणाल्या, "आज्ञा तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत. पाठ आहे त्याला रंग कशाला? नजरेतून सुटतं त्याला द्या. टिपणांना द्या." यावर आम्ही पोट धरून हसलो.

दसऱ्याचे दिवशी महाराज आले. भिंतीवर थोर पाटी लाविली होती, आणि दफ्तरात सर्वांत मोठी म्हणोन धरणाचीच सूत्रे तिजवर घेतली. यंदा पाणी उशिरा भरले होते, आणि दरवाजे मोसमात प्रथमच दुसरे दिवशी, एकादशीस, उघडावयाचे ठरले होते. आवडाबाईंनी खिटी माथ्यावरून हळूहळू खाली आणिली, आणि एक एक रंग उतरत गेला, आणि जत्रा उठून गेल्यावर खालचे मैदान दिसावे तैसे जाहले. एकवीस दरवाजे, त्यांच्या ओळी पायरीपायरीने आत सरकलेल्या, एकही वाकडी नाही. आम्ही बारा वर्षे ती सूत्रे वाचीत होतो, आणि ती इतकी सुरेख आहेत हे त्या दिवशी पाहिले. आमचे डोळे भरून आले. महाराज पुष्कळ वेळ पाहात राहिले आणि विचारिते जाहले, "हे कोणी रचिले?" पंतांनी मुजरा केला. सुभानराव पुढे होऊन म्हणाले, "महाराज, रचिले खरे, परंतु पंतांस रंग ओळखता येत नाहीत ऐसा आमचा वहीम आहे. ऐसा माणूस धरणावर ठेवणे धोक्याचे." महाराज म्हणाले, "पंतांनी स्वतः खिटी धरावी." आवडाबाईंनी हळूच विचारिले, "काका, कोणता रंग लख्ख दिसतो?" पंत म्हणाले, "निळा." बाईंनी निळा लाविला, आणि पंतांनी खिटी एक घर वर सरकविली.

अवघी सूत्रे काळी राहिली आणि टिपणे निळी उभी राहिली. पंत पाहातच राहिले आणि म्हणाले, "रंग म्हणजे हे होय!" मग ते वरून खाली वाचू लागले, आणि वाचता वाचता थांबले. सभेत दुसऱ्या कोणास काही कळले नव्हते. पंत गप्प बसते आणि सभा उठल्यावर दोन रेघा पुसते, तर ही बखर येथेच संपती. परंतु ते वळले आणि बोलिले, "महाराज, ती मधली निळी ओळ टिपण नव्हे. दरवाजा उघडण्याआधी भोंगा वाजवावा, ही ती आज्ञा. चैत्रात चाचणी घेताना लोक उगाच घाबरतील म्हणून मीच ती निजवली. उठवायची राहिली. उद्या दरवाजे उघडले असते आणि भोंगा वाजला नसता. खाली पात्रात धुणेकरी असतात, गुरे असतात. कारभारी म्हणतात ते खरे आहे, पण रंगामुळे नव्हे. माझी बैठक काढावी."

महाराजांनी चाळिसांकडे पाहून विचारिले, "ही ओळ तुम्ही कोणी पाहिली नव्हती?" आम्ही ती ओळ त्या एका महिन्यात सहा वेळा पाहिली होती, त्या राखेच्या रंगात, आणि सहाही वेळा पुढे गेलो होतो. सुभानरावांचा चेहरा त्याच रंगाचा जाहला. मग महाराज म्हणाले, "पंत, ज्याने निजविली त्यानेच उठवावी. बैठकीचे नंतर पाहू. आणि भोंगा आत्ता वाजवून दाखवावा." पंतांनी दोन रेघा पुसिल्या, आणि ओळ निळ्याची काळी जाहली, आणि त्यांनी कळ दाबिली. क्षणभर काही नाही. मग दोन कोसांवरून तो आवाज आला, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, आणि अवघी सभा, महाराजांसुद्धा, उठून उभी राहिली. एकटे पंत मटकन खाली बसले. थोड्या वेळाने धरणावरून फोन आला की नदीतले लोक गुराढोरांसह वर चढून काठावर उभे आहेत आणि काय जाहले म्हणोन विचारितात. महाराजांनी कळविले की काही जाहले नाही.

येणेप्रमाणे सतरा रंगांचा हुकूम मागे घेतला, खिटी सर्व पाट्यांस बसली, आणि भिवजीपंतांची बैठक त्यांजकडेच कायम राहिली. ते पुढे नित्य पहिल्या मात्रेवर लिहीत, आणि आम्हीही. पाहिले तैसे लिहिले, कमीजास्त असेल ते वाचणाराने आपल्या मात्रेने वाचावे. लेखनास विराम.